धाकलीला कुठे उभी करायची?

१० नोव्हेंबर, सोमवार

चार! एकाच सरावात चार पकडी — आणि चारही वेगवेगळ्या जागांवरून! डाव्या कोपऱ्यातून घोटा. उजवीकडून गुडघा. मधून धाव घेऊन कंबर. चौथी तर मला नीट दिसलीही नाही. आमची सगळ्यात चपळ चढाईपटू शगुफ्ता परत फिरली होती, मध्यरेषा हातभर राहिली होती, ती हसतही होती. पुढच्या क्षणी तोंड मातीत. आणि पाठीमागे धाकली.

‘काय केलंस गं?’

‘धरली.’

एवढंच. या मुलीला शब्दांचं वावडं आहे. मला नाही, हे सगळ्या भिवंडीला माहीत आहे. म्हणून तर जुलैत क्रीडाशिक्षक बदलून गेले तेव्हा प्राचार्य म्हणाले, ‘नेत्रा मॅडम, कबड्डीला आवाज लागतो. तुमच्याकडे आहे.’ राज्यशास्त्र शिकवणारी बाई मुलींच्या कबड्डी संघाची प्रमुख! खेळाचं खरं काम लडकूअण्णा बघतात — शेलार गावचे, सत्तरीचे, गुडघे गेले पण नजर शाबूत. माझ्याकडे पाणी, परवानग्या आणि भाषणं.

धाकली वरठा. एस. वाय. बी. ए. डोंगराकडच्या पाड्यावरून येते. सकाळी मैदान, मग तास, दुपारी तीनपासून दापोड्याच्या गोदामात पार्सलांना टेप मारण्याची शिफ्ट. आज तिला खोदून विचारलं, ही पाठीमागून पकड कुणी शिकवली? म्हणाली, ‘खेकड्यानी.’

‘म्हणजे?’

‘समोरून हात घातला की नांगी बसते मॅडम. आता आपन सुटलो, असा त्याला वाटला पायजे. मंग मागून.’

सगळं युद्धशास्त्र तीन वाक्यांत! मला यावर तास लागला असता.

११ नोव्हेंबर, मंगळवार

लडकूअण्णांशी कडाक्याचं भांडण. मजा आली.

मी म्हणते, जी मुलगी चार जागांवरून पकडते तिला एका कोपऱ्यात का बांधायची? अण्णा म्हणतात, ‘कोपरा म्हंजे घरचा उंबरा. ज्याचा त्याला म्हायती. डावा कोपरा धाकलीचा. बाजूला मेघाली. संपला.’

बचावात सात जणी उभ्या राहतात, कोपऱ्यातलीने शेजारणीचा हात धरायचा. एक झेपावली की दुसरी तिला ओढून ठेवते. हिलाच साखळी म्हणतात. धाकलीची शेजारीण मेघाली भोईर — शेलारचीच, उंच, रुंद, पाय जड. मी तिला मनात ‘खांब’ म्हणते. जागची हलत नाही. हात तेवढा धरते.

मी म्हणाले, ‘अण्णा, कुणाची जागा कायमची ठरलेली नसते! याच एका वाक्यासाठी मी तीस वर्षं घसा फोडतेय! ज्यांना ज्यांना सांगितलं गेलं की तुझी जागा तिथे —’

‘झाला भाषन? मंग पोरींना पानी पियाला सोडा.’

मुली हसल्या. धाकली नाही हसली. ती मेघालीच्या पायाला चुन्याची रेघ लागली होती ती पुसत होती.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सापडलं! आणि कुठे सापडावं — अमेरिकेत!

भाचा कुणाल तिकडे शिकतो. त्याच्या कॉलेजच्या फुटबॉलचे व्हिडिओ पाठवतो, मी कधी उघडत नाही. फुटबॉल म्हणे, आणि चेंडू हातात! आज उघडला. त्यांच्यात चेंडू लांब फेकणारा एक असतो आणि त्याने फेकायच्या आत त्याला गाठायला बचावाचे गडी धावतात. त्यातला एक गडी बघितला आणि मी खुर्चीतून उठलेच. एकदा डावीकडून आला. एकदा उजवीकडून. एकदा ऐन मधून. एकदा आला असं वाटलं आणि मागे सरकून दुसऱ्यालाच धरलं! फेकणाऱ्याची नजर चेंडू सोडून सारखी त्यालाच शोधत होती.

लगेच फोन केला. कुणाल म्हणाला, ‘आत्या, तो दर वेळी पकडतो असं नाही. पण तो कुठून येणार, या धास्तीनेच समोरच्यांचा डाव मोडतो.’

हेच! हेच मी अण्णांना सांगत होते! कुणाल पुढे म्हणत होता, ‘पण आत्या, तो जागा बदलतो तेव्हा बाकीच्यांना आधीच —’, तोवर मी त्याला धाकलीची गोष्ट सांगायला लागले. नंतर त्याचा तास होता. मग विचारू.

१५ नोव्हेंबर, शनिवार

केलं! अण्णांची आज शेलारमध्ये लग्नघाई होती, मैदान माझं. प्रत्येक चढाईला धाकलीची जागा मी ठरवली. बाहेरून ओरडले — ‘डावा! मध्य! उजवा! मध्य!’

शगुफ्ता पार गोंधळली. ‘मॅडम, ये लडकी है या भूत? इधर देखो तो उधर, उधर देखो तो मेरी टाँग पे!’

नऊ चढायांत सहा पकडी. सहा! वहीत लिहून ठेवलं, तारखेसह, अण्णांना दाखवायला.

एक बारीक गोष्ट. धाकली सरकली की मेघालीचा हात हवेतच राहतो. कुणाला द्यावा ते तिला कळत नाही. एकदा तिने तो पाठीशी लपवला. सवय होईल.

१७ नोव्हेंबर, सोमवार

धाकलीची आई काशीबाई आज मैदानाच्या कुंपणाशी उभी होती. बाजाराला आली होती, डोक्यावर वालाच्या शेंगांची पाटी. म्हणाली, ‘बाई, गोदामाचा साहेब बोलतो, पोरीला पुरी ड्युटी देतो. सकाल ते रात. पंधरा डिसेंबरला सांगा बोलला.’

‘आणि कॉलेज?’

‘तिचा बाप बोलतो, ड्युटी घे. मी बोलली, थांब. पोरगी बोलते विद्यापीठाच्या संघाच्या यादीत नाव आला तं वसतिगृहात र्‍हायाला भेटल. तसा झाला तं शिकंल. न्हाय तं ड्युटी.’

मी जोरात म्हणाले, ‘येणार! यादीत नाव येणारच!’

‘तुमच्या तोंडात साखर,’ म्हणाली, आणि ओंजळभर शेंगा दिल्या.

मग शेंगा सोलताना भीती वाटली. मी हे कशाच्या जोरावर बोलले? निवड समितीत माझ्या ओळखीचं कुत्रंही नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

विद्यापीठाकडून पत्र आलं. विभागीय स्पर्धा ३ आणि ४ डिसेंबरला कल्याणला. निवड समितीचे लोक सामने बघणार, पण विचार फक्त त्याच मुलींचा, ज्यांचे अर्ज कॉलेज देईल. प्रत्येक कॉलेजला दोन कोरे अर्ज. तिसऱ्या वर्षाचा तास सुरू व्हायचा होता, ऑफिसातला दिनेश दारात उभा, ‘मॅडम, सही, सही!’ दोन्हींवर ठोकून दिली. खरं तर एकच लागणार. दुसरं नाव द्यायला आहे कोण?

अर्जातला तिसरा रकाना — खेळाडूची जागा. ‘एकच लिहावी.’

अण्णा म्हणाले, ‘डावा कोपरा लिवा नि मोकल्या व्हा. ते लोक जागा बघून भरतात, मॅडम. डावा कोपरा एक, उजवा कोपरा एक. जिला जागा न्हाय तिला घेनार कुठं?’

मी म्हणाले, मी ‘सर्व जागा’ लिहिणार.

‘सगल्या जागांची ती कुठल्याच जागंची न्हाय.’

या वाक्याने मी भडकले. असलीच वाक्यं वापरून माणसांना कोपऱ्यात बसवलं जातं! पण घरी येताना धामणकर नाक्यावर रिक्षा अर्धा तास अडकली आणि तेवढ्यात एक वाईट विचार आला. मी बरोबर असेन, आणि तरी धाकलीची निवड हुकेल. माझ्या बरोबर असण्याची किंमत ती भरेल — दापोड्यात, सकाळ ते रात्र.

२० नोव्हेंबर, गुरुवार

रकाना रिकामा. अण्णा माझ्याशी बोलत नाहीत. मीही नाही. म्हणजे केवढा राग असेल!

२२ नोव्हेंबर, शनिवार

हरलो. कल्याणच्या एका कॉलेजशी मैत्रीचा सामना. १९–३१. मैत्री कसली, चोप!

पहिली पाच मिनिटं माझं शास्त्र चाललं. मग त्यांच्या चढाईपटूला कळलं की धाकलीच्या मागे धावायचंच नाही. ती जिथून उठली तिथे भगदाड असतं! डावीकडे मेघाली एकटी, हात हवेत. उजवीकडे धाकली पोचायच्या आत शेजारची दचकायची. दोघी एकमेकींवर आदळल्या दोनदा. मी बाहेरून ओरडतेय — ‘उजवा! डावा! मागे!’ — धाकलीने एकदा माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. कुणी मध्येच बोलून मोजणी चुकवली की आपण बघतो, तसं.

विश्रांतीत मी जोशात बोलले. हार मानणाऱ्यांचा इतिहास नसतो वगैरे. शिट्टी वाजली तेव्हा माझं वाक्य अर्धवट होतं. शगुफ्ता ओठ चावत म्हणाली, ‘मॅडम, पानी पीना था.’

परतीच्या बसमध्ये तीच सगळ्यांना सांगत होती, ‘डावा-उजवा, डावा-उजवा… मुझे लगा मॅडम रिक्शेवाले को रास्ता बता रही हैं!’ सगळी बस हसली. मीही हसले. काय करणार, खरं होतं.

सहा पकडींची ती वही अण्णांना दाखवली नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज पाड्यावर गेले. कारण सांगते — धाकलीचे वडील जान्या यांना समजवायला. यादीचं काहीही होवो, मुलीचं शिक्षण थांबवू नका, हे सांगायला. रस्ताभर मुद्दे जुळवले.

अंगणात खाट टाकली. मी बोलले. स्त्रीशिक्षणापासून सुरुवात केली, जंगल हक्कांवर आले, गोदामांच्या नफ्यावर आले, परत शिक्षणावर आले. चांगलं झालं भाषण. चांगलंच! शेजारच्या चार बाया येऊन बसल्या. जान्या शेवटपर्यंत मान हलवत होते. संपल्यावर म्हणाले, ‘लय बेस बोलल्या बाई. आता जेवा.’

नागलीची भाकरी, वालाची भाजी. निर्णय? ‘पंधरा तारकंला बघू.’

परत निघाले तेव्हा धाकली ओढ्यापर्यंत सोडायला आली. पोटरीभर पाणी, दगड शेवाळलेले. येताना मी लांबच्या पुलावरून आले होते. ती म्हणाली, ‘हात द्या.’ दिला. आणि बोलत राहिले — कालच्या हरण्याबद्दल, की चूक पद्धतीची नव्हती, सरावाची होती. मध्ये तिने माझा हात एकदा घट्ट दाबला. मला वाटलं, मुलगी भावुक झाली. मीही उलट दाबला, आणि पुढचं पाऊल टाकलं.

कंबरभर खड्डा! पर्ससकट!

धाकली पहिल्यांदा हसली. मी तिला हसताना पाहिलंच नव्हतं. पोट धरून, ओढ्यात उभी राहून. ‘मॅडम, दाबला ना मी! एकदा दाबला की थांबायचा! दोनदा दाबला की पाय टाकायचा!’

लहानपणी पाड्यावरची पोरं याच ओढ्यातून शाळेत जायची. पावसात छातीभर पाणी. पाण्याच्या आवाजात हाक ऐकू येत नाही. म्हणून हातात हात, ओळ करून, आणि ज्याच्या पायाला दगड कळतो तो हात दाबून पुढे-मागे कळवतो. धाकली पुढे असायची. सात वर्षांची होती तेव्हापासून.

मी पाण्यात बसूनच विचारलं, ‘तू मैदानावर मेघालीचा हात असाच दाबतेस?’

हसणं थांबलं. मान हलवली. हो.

साडी वाळेपर्यंत काशीबाईंचं लुगडं नेसून बसले. बायांना भाषणापेक्षा हे जास्त आवडलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी मेघालीला बाजूला घेतलं. ही मुलगी माझ्यासमोर वाकूनच उभी राहते, उंची लपवायला.

‘धाकली हात दाबते, ते तुला कळतं?’

‘कलतं ना. एकदा दाबला की थांब. दोनदा की पुढं. सोडला की धर.’

‘आणि मी बाहेरून ओरडते ते?’

जमिनीकडे बघत म्हणाली, ‘मॅडम, खेलताना तुमचा काय आयकू येत न्हाय. नुसता आवाज येतो.’

तीस वर्षांची वक्तृत्वाची कमाई!

कुणालला फोन केला. त्या दिवशी तू काय म्हणत होतास? ‘हेच की आत्या, तो गडी फिरतो तेव्हा बाकीच्यांना आधीच ठाऊक असतं. त्याने सोडलेली जागा कोण भरणार, हे ठरलेलं असतं. नाहीतर तो नुसता भटकतो.’

आधी सांगायचं नाही का? — असं मी त्याला विचारलं. विचारायला नको होतं.

संध्याकाळी शेलारला जाऊन अण्णांना सगळं सांगितलं, ओढ्यात पडले तेही. अण्णा खोकेपर्यंत हसले. मग गंभीर झाले. म्हणाले, ‘चालीस वर्सा साखली शिकिवली मॅडम. हात कशाला, तं वढायाला, असाच सांगितला. हातातून बोलतात, हा मना कधी सुचला न्हाय.’

आणि मला हे सुचलं नाही की विचारावं. धाकली कुठे उभी राहील, यावर अण्णा बोलले, मी बोलले, अमेरिका बोलली. धाकलीला कुणीच विचारलं नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आज विचारलं. ‘तू लाव संघ.’

ती पाच मिनिटं काही बोलली नाही. मीही नाही — अण्णांनी घड्याळ बघून साक्ष द्यावी! मग उठली आणि मेघालीला दंडाला धरून डाव्या कोपऱ्यात नेलं. स्वतःच्या कोपऱ्यात!

अण्णा किंचाळले, ‘अगो, तो तुझा उंबरा!’

‘ती हलत न्हाय,’ धाकली म्हणाली. ‘जी हलत न्हाय ती कोपऱ्यात पायजे. मी हलते.’

मग प्रत्येकीला हात दाबणं शिकवलं. नियम तिचा — जागा सोडायच्या आधी दाबायचं, गेल्यावर जो हात पहिला मिळेल तो धरायचा. हात दाबल्याशिवाय पकड नाही. मी मैदानाबाहेर तोंडावर पदर धरून उभी. अण्णा म्हणतात, शोभून दिसत होतं.

बारा चढायांत आठ पकडी. त्यातल्या तीन मेघालीच्या.

२६ नोव्हेंबर, बुधवार

संविधान दिन. दरवर्षी पाऊण तास बोलते. आज तेरा मिनिटं. जागा कुणी कुणाला नेमून द्यायची नाही, हे होतंच. पण पुढे आणखी एक निघालं, ठरवलेलं नव्हतं — जागा सोडून पुढे जाणाऱ्याने मागे कोण उभं आहे ते बघावं. टाळ्या दरवर्षीपेक्षा जास्त. थोडं दुखलंही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

अर्जाचा शेवटचा दिवस. मी धाकलीला टेबलाशी बसवलं, अर्ज पुढे केला. म्हणाले, तिसरा रकाना तूच भर. पण ऐक — ‘डावा कोपरा’ लिहिलंस तर मला वाईट वाटणार नाही. अण्णा म्हणतात तसं खरंच जागा बघून घेतात. हा तुझ्या घरचा प्रश्न आहे, माझ्या तत्त्वाचा नाही. हे वाक्य घशातून काढायला मला किती त्रास झाला, ते या पानालाच माहीत.

‘मी भरते. तुमी तासाला जावा.’

तासावरून आले तर पाकीट तयार. चारही बाजूंनी टेप, पार्सलासारखं. दापोड्याची सवय! दिनेश ते घेऊन कल्याणला गेला. काय लिहिलंस, विचारलं. ‘खरा ता लिवला.’

दुसरा कोरा अर्ज मात्र टेबलावर नाही. माझी सही असलेला! दिनेश परत आल्यावर चांगला झाडला त्याला. ‘सही केलेला कागद हरवतोच कसा? कुणी गैरवापर केला म्हणजे?’ तो म्हणतोय, ‘मॅडम, मी हातच लावला नाही.’ सगळे असंच म्हणतात!

३ डिसेंबर, बुधवार

कल्याण. पहिले दोन सामने जिंकलो. आवाज बसलाय — न ओरडता! नुसता श्वास रोखून.

दिनेश संघाचं सामान घेऊन आलाय. माझ्याशी जेवढ्यास तेवढं.

४ डिसेंबर, गुरुवार

आजच लिहायला हवं.

उपांत्य सामना. समोर तेच, २२ तारखेला ज्यांनी चोपलं ते. शेवटचं मिनिट, आम्ही २४, ते २५. मैदानात आमच्या तिघीच उरलेल्या — धाकली, मेघाली, शगुफ्ता. त्यांची शेवटची चढाई. ती नुसती येऊन वेळ काढून परत गेली तरी ते जिंकले. तिघीच असताना पकडली तर अव्वल पकड, आम्हाला दोन गुण.

चढाईपटू उंच, हुशार. तिची नजर धाकलीवरून हलेना. धाकली डावीकडे सरकली, ती उजवीकडे. धाकली मध्ये आली, ती मागे. मग धाकलीने काय करावं? तिने चक्क पाठ फिरवल्यासारखं केलं. दमल्यासारखी. वाट सोडून शगुफ्ताकडे निघाली. चढाईपटूला वाटलं, सुटले. डाव्या बाजूने, मेघालीच्या अंगावरून, एक गुण आणखी घ्यावा म्हणून पाय टाकला.

मला दिसलं. या वेळी दिसलं! धाकलीने जाता जाता मेघालीचा हात दाबला. दोनदा. आणि सोडला.

खांब हलला! मेघाली अशी आडवी आली की गोदामाचं शटर पडावं. चढाईपटू आपटून मागे आली, आणि मागे धाकली होती. खेकडा!

२६–२५!

शगुफ्ता माझ्या गळ्यात पडली, ‘बोलो मॅडम, अब बोलो! अब जितना बोलना है बोलो!’ आणि मला एक शब्द फुटेना.

अंतिम सामना साफ हरलो, नऊ गुणांनी. मुलींचे पायच उचलत नव्हते. समितीच्या बाई वही घेऊन आल्या, धाकलीला विचारलं, ‘तू नेमकी कुठे खेळतेस? आज दिवसभर पाच जागांवर बघितलं तुला.’

माझे कान टवकारलेले.

धाकली म्हणाली, ‘अर्जात लिवलाय.’

बाई भुवया उंचावून गेल्या. अण्णांनी कपाळाला हात लावला.

९ डिसेंबर, मंगळवार

अण्णा कल्याणहून खबर काढून आलेत. समितीत वाद आहे. बाकी बचाव भरला, फक्त डाव्या कोपऱ्याची जागा उरलीय. ‘पोरीनी डावा कोपरा लिवला असंल तं देवच पावला.’

धाकलीला फोन केला. गोदामात होती, मागे टेपचा चर्र चर्र आवाज. ‘डावा कोपरा लिहिलंस ना गं?’

टेपचा आवाज थांबला. ‘लिवला.’

सुटले! किती बरं वाटलं म्हणून सांगू. तत्त्वं गेली खड्ड्यात — त्याच खड्ड्यात, पर्ससकट!

१० डिसेंबर, बुधवार

काशीबाई विचारून गेली. अजून नाही. पाच दिवस उरले.

१२ डिसेंबर, शुक्रवार

यादी आली. सोबत अर्जांच्या प्रती. आमच्या कॉलेजच्या — दोन!

पहिला अर्ज. मेघाली भोईर. जागा : डावा कोपरा. विशेष : हात सोडत नाही. खाली माझी सही. अक्षर धाकलीचं.

दुसरा. धाकली वरठा. जागा : हात रिकामा असेल तिथे.

एकच जागा उरली होती, आणि ती तिने मेघालीच्या नावावर लिहून टाकली होती. पाकिटाला टेप मारायच्या आधीच. यादीत मात्र दोन्ही नावं आहेत. मेघालीपुढे ‘डावा कोपरा’. धाकलीपुढे जागेच्या रकान्यात नुसती आडवी रेघ, आणि कंसात — वसतिगृह मंजूर.

काशीबाईंना निरोप गेला. आता दिनेशची माफी मागायला हवी, सगळ्या ऑफिससमोर. मग मेघालीची. मी तिला मनात काय म्हणायचे ते तिला माहीत नाही, तरी.